उसना कॅमेरा आणि आकाशाचा नकाशा

मी शाळेंत भूगोल शिकवीत असतांनाची एक गोष्ट प्रथम सांगतों. पृथ्वी स्वतःभोंवतीं फिरते हें मुलांना पाठ होतें, परंतु पटलेलें नव्हतें. तें त्यांच्या डोळ्यांना दाखवावें म्हणून मीं गांवांतील एका स्टुडिओवाल्या गृहस्थांकडून त्यांचा साधा कॅमेरा एका रात्रीपुरता मागून आणला. शाळेच्या गच्चीवर टेबल मांडलें, वह्यांचा आधार देऊन कॅमेऱ्याचें तोंड उत्तरेकडे वर केलें, आणि त्याचा पडदा बरोबर एक तास उघडा ठेवला. चार दिवसांनीं त्या गृहस्थांनीं फिल्म धुतली आणि ते मला म्हणाले, "गुरुजी, तुमची फिल्म फुकट गेली. नुसते ओरखडे आले आहेत."

ते ओरखडे मीं वर्गांत नेले. एका मुलानें कोनमापक लावून ते मोजले. प्रत्येक ओरखडा एकाच बिंदूभोंवतीं काढलेल्या वर्तुळाचा तुकडा होता, आणि प्रत्येक तुकडा पंधरा अंशांचा भरला. चोवीस तासांत तीनशें साठ अंश, तर एका तासांत पंधरा! पृथ्वीचें परिवलन त्या वर्गाला मला पुन्हां शिकवावें लागलें नाहीं. स्टुडिओवाल्यांना जें व्यंग वाटलें, तेंच आम्हांला हवें होतें.

आज मला आपणांस जी हकीकत सांगावयाची आहे, तिच्यांतही असाच एक उसना कॅमेरा आहे, एक गांवचा फोटोग्राफर आहे, आणि कोणीं न मागितलेल्या कांहीं खुणा आहेत. ती घडली १८८२ सालीं, दक्षिण आफ्रिकेच्या टोंकाशीं, केप ऑफ गुड होप येथील वेधशाळेंत. त्या खुणांपासून आकाशाच्या नकाशाचें काम मनुष्याच्या डोळ्याकडून निघून कांचेकडे गेलें.

परंतु त्या रात्रींकडे वळण्यापूर्वीं थोडी पूर्वपीठिका सांगितली पाहिजे. आपला डोळा हें एक अद्भुत यंत्र खरें, पण त्याला सांठवणूक ठाऊक नाहीं. एखादा अंधुक तारा क्षणभर पाहून दिसला नाहीं, तर तासभर टक लावल्यानेंही तो अधिक उजळ होत नाहीं. फोटोच्या कांचेचें तसें नाहीं. तिच्यावर पडलेला प्रकाशाचा कण न् कण जमा होत जातो. थेंबाथेंबानें रांजण भरावा, तसा अंधुक तारा तिच्यावर हळूहळू उमटतो. मात्र रांजण एकाच जागीं असला पाहिजे. आणि अडचण नेमकी तेथेंच आहे. पृथ्वी फिरत असल्यामुळें तारे सरकतात. दर दोन मिनिटांस आकाश पूर्ण चंद्राच्या रुंदीइतकें पुढें जातें. कॅमेरा स्थिर ठेवावा तर तारा थेंब टाकतो, पण दर वेळीं निराळ्या जागीं. आमच्या गच्चीवरील ओरखड्यांचें कारण हेंच.

ताऱ्याचा पहिला फोटो १७ जुलै १८५० रोजीं अमेरिकेंतील हार्वर्ड वेधशाळेंत घेतला गेला. वेधशाळेचे प्रमुख विल्यम बाँड आणि बोस्टनचे फोटोग्राफर जॉन व्हिपल या दोघांनीं पंधरा इंची मोठ्या दुर्बिणीच्या साहाय्यानें अभिजित् नक्षत्राचा तेजस्वी तारा चांदीचा मुलामा दिलेल्या पत्र्यावर उतरविला. पराक्रम मोठा होता. परंतु अभिजित् हा आकाशांतील अत्यंत ठळक ताऱ्यांपैकीं एक. त्याच्या शेजारचे बारीक तारे त्या पत्र्याला दिसले नाहींत.

त्यानंतर आठ वर्षांनीं डोनाटीचा सुंदर धूमकेतु आला. इंग्लंडांतील सरे परगण्यांत विल्यम अशरवुड नांवाचे एक फोटोग्राफर होते. त्यांनीं २७ सप्टेंबर १८५८ रोजीं, माणसांचे फोटो काढण्याच्या आपल्या भिंगानें, अवघ्या सात सेकंदांत त्या धूमकेतूचें चित्र घेतलें. तें चित्र पुढें गहाळ झालें. दुसऱ्या दिवशीं हार्वर्डच्या त्याच मोठ्या दुर्बिणींतून फोटो घेतला, तेव्हां सहा मिनिटें लावूनही धूमकेतूचें केवळ डोकें आलें. शेपूट आलेंच नाहीं. म्हणजे जगांतील एका थोर दुर्बिणीला जें साधलें नाहीं, तें एका दुकानदाराच्या भिंगाला साधलें!

याचें कारण समजण्यास कठीण नाहीं. पळीभर तूप मोठ्या परातींत पसरलें तर परात नुसती ओशट होते. तेंच लहानशा वाटींत घातलें तर डोळ्यांना दिसतें. मोठी दुर्बीण प्रकाश पुष्कळ गोळा करते, परंतु त्याचें चित्रही मोठें करीत असल्यामुळें धूमकेतूच्या शेपटासारखें पसरट, अंधुक तेज फार पातळ होऊन जातें. व्यक्तिचित्राचें भिंग याच्या उलट. व्हिएन्ना येथील गणितज्ञ योझेफ पेट्झवाल यांनीं १८४० सालीं तें शोधून काढलें. त्या काळीं फोटोसाठीं माणसाला कित्येक मिनिटें दगडासारखें बसावें लागे. हा त्रास कमी व्हावा म्हणून त्यांनीं आंखूड आणि रुंद तोंडाचें, थोड्या जागेंत पुष्कळ प्रकाश आणून ओतणारें भिंग तयार केलें. तें योजिलें होतें माणसांच्या मुखड्यांसाठीं. पण पुढें त्यांतून आकाशाचा मुखडाही उत्तम दिसला.

आणखी एक अडचण उरली होती. त्या काळच्या कांचा ओल्या असत. त्यांवर औषधाचा लेप चढवून तो ओला असतांनाच फोटो घ्यावा लागे आणि लगेच धुवावा लागे. लेप दहा-पंधरा मिनिटांत वाळूं लागे. मग तासभर प्रकाश सांठवावयाचा कसा? इंग्लंडांतील एक डॉक्टर, रिचर्ड लीच मॅडॉक्स, यांनीं १८७१ सालीं सरसाच्या जातीच्या जिलेटिनाचा लेप असलेल्या कोरड्या कांचेची कृति प्रसिद्ध केली. पुढील दहा वर्षांत तीं कृति सुधारून अशा कांचा बाजारांत तयार मिळूं लागल्या. त्या कितीही वेळ उघड्या ठेवतां येत. १८८० सालीं न्यूयॉर्कचे हेन्री ड्रेपर यांनीं मृगांतील तेजोमेघाचा फोटो अशाच कांचेवर एक्कावन्न मिनिटांत घेतला. सामग्री सिद्ध झाली होती. ती एकत्र येण्याचा योग यावयाचा होता.

आतां केपकडे वळूं. तेथील वेधशाळेचे प्रमुख डेव्हिड गिल १८७९ सालीं त्या जागीं आले. जन्म १८४३ चा, स्कॉटलंडांतील ॲबर्डीन गांवचा. वडिलांचा धंदा घड्याळांचा, आणि गिल यांनींही तो कित्येक वर्षें सांभाळला. आकाशाच्या ओढीनें त्यांनीं १८७२ सालीं चालतें दुकान सोडलें आणि एका उमरावाच्या खाजगी वेधशाळेची नोकरी पत्करली. दुकान सोडलें तरी घड्याळजीची बोटें आणि घड्याळजीची चिकाटी त्यांच्यापाशींच राहिली.

सप्टेंबर १८८२ च्या आरंभीं गिल यांचे सहाय्यक फिनले यांना पहांटेच्या आकाशांत एक धूमकेतु दिसला. तो सूर्याकडे धांवत होता आणि दिवसेंदिवस उजळत होता. १७ सप्टेंबरास त्याचें तेज इतकें वाढलें कीं भर दिवसां सूर्याच्या अगदीं कडेशीं तो दिसत होता. फिनले आणि एल्किन हे दोघे दुर्बिणींतून त्याचा पाठलाग करीत राहिले, आणि सूर्यबिंबाच्या कडेला टेकतांच तो त्यांच्या डोळ्यांदेखत नाहींसा झाला. तो सूर्यासमोरून जात होता, पण बिंबावर त्याचा ठिपकासुद्धां दिसला नाहीं. सूर्याला वळसा घालून तो परतला, तेव्हां ऑक्टोबरच्या पहांटे त्याचें लांबच लांब शेपूट पूर्वेकडे उभें राहूं लागलें.

त्या वसाहतींतील कांहीं हौशी व धंदेवाईक फोटोग्राफरांनीं आपआपल्या कॅमेऱ्यांतून या धूमकेतूचे फोटो काढले. शास्त्राच्या दृष्टीनें त्यांना मोल नव्हतें, कारण कॅमेरे जमिनीवर स्थिर होते आणि धूमकेतु सरकत होता. परंतु गिल यांनीं त्यांतून एक गोष्ट ताडली: साध्या कॅमेऱ्याच्या भिंगाला धूमकेतूचा प्रकाश पुरतो; उणीव आहे ती कॅमेऱ्याला आकाशाबरोबर चालविण्याची. आणि चालविण्याचें साधन तर त्यांच्या वेधशाळेंत होतें.

मोठ्या दुर्बिणी ज्या आंसावर बसवितात, तो आंस पृथ्वीच्या आंसाशीं समांतर असतो. त्याला घड्याळाचें यंत्र जोडलें कीं पृथ्वी जेवढी पूर्वेकडे फिरते, तेवढीच दुर्बीण पश्चिमेकडे वळत राहते; आणि दुर्बिणीच्या दृष्टीनें आकाश उभें राहतें. गिल यांच्यापाशीं अशी दुर्बीण होती, पण फोटोचा अनुभव नव्हता आणि कॅमेराही नव्हता. वेधशाळेजवळच मॉब्रे नांवाचें गांव होतें. तेथें ॲलिस नांवाचे एक फोटोग्राफर राहात. वेधशाळेचे प्रमुख गिल यांनीं त्यांच्याकडे जाऊन मदत मागितली, आणि ॲलिस आपला कॅमेरा घेऊन आले. त्याचें भिंग अडीच इंच रुंद होतें आणि चित्र भिंगापासून अकरा इंचांवर उमटे. अशी ती माणसांचे फोटो काढणारी पेटी. ती दुर्बिणीच्या तोलाच्या वजनाच्या बाजूस घट्ट बांधण्यांत आली.

यानंतरचें काम ऐकावयास सोपें आणि करावयास अवघड. ॲलिस कांच बसवीत आणि उघडीत. गिल दुर्बिणीला डोळा लावून बसत. दुर्बिणीच्या दृष्टिक्षेत्रांत दोन बारीक तंतूंची फुली असते. तिच्या मध्यावर धूमकेतूचें डोकें धरून ठेवावयाचें. घड्याळाचें यंत्र कितीही उत्तम असलें तरी थोडें मागेंपुढें होतेंच. शिवाय धूमकेतूची स्वतःची चाल ताऱ्यांहून निराळी. म्हणून सूक्ष्म स्क्रू फिरवीत, क्षणभरही डोळा न काढतां, अर्धा तास, तास, कधीं दोन तासांहूनही अधिक वेळ तो प्रकाशबिंदु फुलीवर राखावयाचा. ऑक्टोबर आणि नोव्हेंबर १८८२ मधील कांहीं पहांटा या दोघांनीं अशा घालविल्या.

कांचा धुतल्या गेल्या. धूमकेतु तर स्पष्ट आलाच. डोकें, शेपूट, शेपटाचा पंखासारखा पसारा, सर्व कांहीं. तेवढ्यावर संतोष मानून गिल थांबले असते तर कोणीं त्यांना दोष दिला नसता. परंतु त्यांची दृष्टि धूमकेतूवरून कांचेच्या उरलेल्या भागाकडे गेली. सबंध कांचेवर, काठापर्यंत, बारीक बारीक ठिपके आणि रेघोट्या पसरल्या होत्या. ते तारे होते. धूमकेतूला फुलीवर धरल्यामुळें ताऱ्यांच्या किंचित् रेघा झाल्या होत्या एवढेंच. पण त्यांची जागा मोजतां येत होती आणि ते ओळखतां येत होते. नुसत्या डोळ्यांना कधींही न दिसणारे तारे, एका गांवच्या फोटोग्राफराच्या पेटींत, न बोलावतां येऊन बसले होते!

श्रोतेहो, या ठिपक्यांनीं गिल का हर्षभरित झाले हें समजण्यासाठीं त्या वेळच्या नकाशांची स्थिति पाहिली पाहिजे. उत्तर आकाशाची मोठी यादी जर्मनींतील बॉन येथें आर्गेलांडर यांनीं केली होती. ३ लाख २४ हजारांहून अधिक तारे. आणि ते सर्व तीन इंची दुर्बिणींतून डोळ्यांनीं पाहून, एक एक करून, अंधारांत टिपून घेतलेले. ती यादी १८५९ ते १८६२ या काळांत प्रसिद्ध झाली. दक्षिण आकाशाची अशी यादी नव्हती. तेथें तारे मोजण्यास किती माणसें, किती रात्री आणि किती डोळे लागणार, हा प्रश्न गिल यांच्यापुढें होता. त्याचें उत्तर त्या कांचेवर आलें होतें. डोळ्यानें एक एक तारा पाहण्याऐवजीं कांचेनें तासाभरांत शेंकडों तारे एकदम टिपावे, आणि माणसानें ते दिवसा, टेबलाशीं बसून, हवे तितक्या वेळां पडताळून मोजावे!

गिल यांनीं त्या फोटोंच्या प्रती इंग्लंडांत व पॅरिसला पाठविल्या. ॲलिस यांच्या साहाय्याचा उल्लेख करण्यास ते विसरले नाहींत. पॅरिस वेधशाळेचे प्रमुख ॲडमिरल मूशे यांच्या हाताखालीं पॉल आणि प्रॉस्पर हे हेन्री आडनांवाचे दोघे भाऊ होते. सूर्य ज्या वाटेनें जातो त्या क्रांतिवृत्ताच्या पट्ट्यांतील ताऱ्यांचे नकाशे ते वर्षानुवर्षें डोळ्यांनीं पाहून काढीत होते. पट्टा आकाशगंगेपाशीं पोंचला आणि तेथील ताऱ्यांच्या दाटीपुढें त्यांनीं हात टेकले. ते स्वतः भिंगें घासण्यांत निष्णात होते. फोटोसाठींच मुद्दाम घडविलेली ३३ सेंटिमीटर रुंदीची दुर्बीण त्यांनीं १८८५ सालीं उभी केली. त्याच वर्षीं कृत्तिकांतील एका ताऱ्याभोंवतीं एक तेजोमेघ तिच्या कांचेवर उमटला. दुर्बिणीला डोळा लावून कृत्तिका पाहणाऱ्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या ज्योतिषांना तो तेथें दिसला नव्हता.

येथून दोन वाटा फुटल्या. त्यांचा शेवट कसा झाला हें पाहणें बोधप्रद आहे.

पहिली वाट गिल यांची. त्यांनीं १८८५ सालीं केपला व्यक्तिचित्राच्याच जातीचें, पण मोठें, सहा इंची भिंग घेऊन दक्षिण आकाशाचे फोटो पद्धतशीर घेण्यास आरंभ केला. लंडनच्या रॉयल सोसायटीनें प्रथम पैशाचें साहाय्य दिलें. पुढें तें बंद झालें. काम अर्धें राहिलें होतें. गिल यांनीं तें आपल्या पगारांतून पुढें चालविलें. फोटो काढणें हा कामाचा एक भाग. त्यांवरील लाखों ठिपके मोजावयाचे कोणीं? केपच्या वेधशाळेंत तेवढे हात नव्हते. अशा वेळीं डिसेंबर १८८५ मध्यें हॉलंडांतील ग्रोनिंगेनहून एक पत्र आलें. पत्र लिहिणारे याकोबुस काप्टाइन हे तेथील विश्वविद्यालयांत ज्योतिषाचे प्राध्यापक होते. मात्र त्यांच्यापाशीं ना वेधशाळा होती, ना दुर्बीण. त्यांनीं लिहिलें कीं कांचा मोजण्याचें काम मी करतों.

काप्टाइन यांनीं मोजण्याची एक सुबक युक्ति काढली. भिंगापासून कांच जेवढ्या अंतरावर असते, तेवढ्याच अंतरावर ती कांच समोर उभी करून त्यांनीं ती कोन मोजण्याच्या यंत्रांतून पाहिली. मग कांचेवरील ठिपका हा जणूं आकाशांतीलच तारा. त्याची जागा सरळ अंशांत वाचतां येई. सहा-सात वर्षांत काम उरकेल असा त्यांचा अंदाज होता. लागलीं त्याच्या जवळजवळ दुप्पट. अखेर १८९६ ते १९०० या काळांत यादीचे तीन खंड प्रसिद्ध झाले. तारे ४ लाख ५४ हजार ८७५. दोन माणसांनीं, एकानें अर्ध्या पृथ्वीपलीकडून कांचा पाठवून आणि दुसऱ्यानें दुर्बिणीवांचून त्या मोजून, दक्षिण आकाशाचें काम तडीस नेलें. याच कामांत १८९७ सालीं पूर्वींच्या यादीशीं ताडून पाहतांना एक अंधुक तारा आपल्या जागेवरून सरकलेला आढळला. ताऱ्यांत विलक्षण वेगानें सरकणारा म्हणून तो आज काप्टाइन यांच्याच नांवानें ओळखला जातो.

दुसरी वाट राजमार्गाची. एप्रिल १८८७ मध्यें पॅरिसला अनेक राष्ट्रांतील पन्नासाहून अधिक ज्योतिषी जमले. गिल आणि मूशे यांचाच त्यांत पुढाकार होता. असें ठरलें कीं साध्या कॅमेऱ्याच्या भिंगावर न थांबतां हेन्री बंधूंच्या नमुन्याच्या दुर्बिणी सर्वांनीं घ्याव्या, आकाशाचे पट्टे अठरा वेधशाळांनीं वांटून घ्यावे, आणि दोन कामें करावीं: अकराव्या प्रतीपर्यंतच्या ताऱ्यांची यादी, व चौदाव्या प्रतीपर्यंतचा नकाशा. एका कांचेवर लांबी-रुंदीला दोन अंश आकाश. असे बावीस हजारांवर तुकडे लागणार होते. दहा-पंधरा वर्षांत काम संपेल असें वाटलें. पण कांहीं वेधशाळांपाशीं पैसा उरला नाहीं, कांहींना माणसें मिळालीं नाहींत, आणि मग पहिलें महायुद्ध आलें. रोम येथील व्हॅटिकन वेधशाळेंत चार ख्रिस्ती भगिनींनीं वर्षानुवर्षें बसून ४ लाख ८० हजारांहून अधिक ठिपके मोजले. अशा किती जणांच्या डोळ्यांचें तेल त्या कामांत जळलें असेल!

या कामांत आपल्या देशाचाही वाटा आहे, आणि तो अभिमानानें सांगण्याजोगा आहे. हैदराबादच्या नवाब जफर जंग यांनीं विसाव्या शतकाच्या आरंभीं इंग्लंडांतून दुर्बिणी आणवून वेधशाळेचा पाया घातला. त्यांच्या मृत्यूनंतर १९०८ सालीं ती निजाम सरकारकडे आली आणि निजामिया वेधशाळा म्हणून नांवारूपास आली. चिली देशांतील सांतियागो वेधशाळेला आपला पट्टा पुरा करतां आला नव्हता. तो हैदराबादनें उचलला. जर्मनींतील पोट्सडाम येथें राहिलेल्या पट्ट्याचेंही काम पुढें हैदराबादनेंच केलें. १९१८ पासून पाव शतक श्री. टी. पी. भास्करन् यांनीं या वेधशाळेची धुरा वाहिली. साडेसात लाखांहून अधिक तारे तेथें मोजून छापले गेले. त्या काळीं आपला मराठवाडा त्याच संस्थानांत होता. म्हणजे औरंगाबाद-परभणीकडील रयतेच्या साऱ्यांतून भरणाऱ्या तिजोरीनें आकाशाच्या दोन पट्ट्यांचा हिशेब चुकता केला, असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं.

यादी अखेर विसाव्या शतकाच्या मध्यावर, कांहीं वेधशाळांच्या बाबतींत त्यानंतरही, पुरी झाली. नकाशा मात्र कधींच पुरा झाला नाहीं, आणि १९७० सालीं ती योजना रीतसर बंद करण्यांत आली. मग हे श्रम वाया गेले काय? बरीच वर्षें लोकांना तसें वाटे. परंतु हिपार्कस नांवाच्या उपग्रहानें १९८९ ते १९९३ या काळांत ताऱ्यांच्या जागा अत्यंत अचूक मोजल्या. तारा कोठें आहे हें कळलें. तो कोणत्या दिशेनें किती सरकतो हें ठरविण्यास जुनी जागाही पाहिजे. ती कोठून आणावयाची? तेव्हां त्या जुन्या याद्यांवरील धूळ झटकली गेली. सन २००० मध्यें प्रसिद्ध झालेल्या पंचवीस लाख ताऱ्यांच्या यादींत त्यांची गति ठरवितांना ते शंभर वर्षांमागचे ठिपके उपयोगी पडले. हैदराबादचेही त्यांत होते.

राजमार्गावरील मोठ्या दुर्बिणींमुळें व्यक्तिचित्राचें भिंग मागें पडलें, असें मात्र कोणीं समजूं नये. अमेरिकेंत नॅशव्हिल गांवीं एडवर्ड बर्नार्ड नांवाचा एक गरीब मुलगा नऊ वर्षांचा होण्यापूर्वींच फोटोच्या दुकानांत कामाला लागला. फोटो मोठे करण्याच्या अवजड यंत्राचें तोंड दिवसभर सूर्याकडे वळवीत राहणें हें त्याचें काम. हाच मुलगा पुढें लिक वेधशाळेंत ज्योतिषी झाला. तेथें जगांतील सर्वांत मोठी भिंगाची दुर्बीण होती. तरी १८८९ सालीं बर्नार्ड यांनीं आकाशगंगेचे फोटो घेतले ते एका जुन्या, पूर्वीं फोटोग्राफराच्या दुकानांत वापरलेल्या सहा इंची भिंगानें. लांकडी पेटींत तें बसविलें, आणि तासन्‌तास तारा फुलीवर धरून ते बसले. धनु राशीकडील ताऱ्यांचे ढग आणि त्यांमधील काळ्या वाटा प्रथमच अशा स्वच्छ दिसल्या. १८९२ सालीं फोटोवरून धूमकेतु शोधण्याचा पहिला मानही त्यांनाच मिळाला. लहानपणीं सूर्य धरून ठेवण्याची जी संवय हाताला लागली, ती अशी फळाला आली.

आज आपल्या पुष्कळांच्या घरीं ॲलिस यांच्या पेटीहून कितीतरी तीक्ष्ण कॅमेरा आहे. शहराच्या दिव्यांपासून दूर, अमावास्येच्या सुमारास, तो तिकाटण्यावर घट्ट बसवून भिंग पूर्ण उघडावें आणि पंधरा-वीस सेकंद प्रकाश घ्यावा. मृग, व्याध, कृत्तिका, एवढेंच नव्हे तर डोळ्यांना न दिसणारेही तारे त्यांत येतील. त्याहून अधिक वेळ ठेवला तर ओरखडे येतील. तेही जपून ठेवावे, त्यांतून पृथ्वीची चाल मोजतां येते. आणि फोटो पाहतांना एक गोष्ट अवश्य करावी. ज्या वस्तूसाठीं तो घेतला तिच्यावर समाधान न मानतां उरलेल्या कांचेकडे, कांठाकोपऱ्यांकडे पाहावें.

गिल यांना १९०० सालीं सर ही पदवी मिळाली, आणि ती योग्यच होती. मॉब्रेचे ॲलिस आपला कॅमेरा घेऊन आपल्या गिऱ्हाइकांकडे परतले असावे. मला मात्र ती पहांट आठवावीशी वाटते: एकानें कांच उघडली आहे, दुसरा फुलीवरून डोळा हलवीत नाहीं, दोघेही धूमकेतूची वाट पाहात आहेत, आणि पेटीच्या आंत, अंधारांत, दोघांच्याही नकळत तारे एक एक करून जमत आहेत.

माझ्या गांवच्या स्टुडिओवाल्या गृहस्थांना ते ओरखडे काय आहेत हें मीं नंतर सांगितलें. त्यांनीं त्याची एक मोठी प्रत काढली आणि लग्नांच्या व वाढदिवसांच्या फोटोंमध्यें ती दुकानांत लावली. कोणीं विचारलें तर ते सांगत, "ही पृथ्वी फिरतांना काढलेली आहे. कॅमेरा माझा, आणि तास गुरुजींचा."